असं कधी ठरलं नव्हतं

‘असं कधी ठरलं नव्हतं,’ मास्तर म्हणाले. चष्मा पुसता पुसता म्हणाले, माझ्या चहात साखर नको म्हणावं इतक्या सहज, आणि तिला आधी हसूच आलं. मास्तरांना फिरक्या घ्यायची सवय होती. आता चष्मा चढवतील, सगळ्यांकडे एकवार बघतील आणि म्हणतील, घाबरलात ना, असं तिला वाटलं. पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं बसली होती. कोणी जांभई आवरत होतं, कोणाच्या मागे दोरीवर वाळत घातलेले टॉवेल दिसत होते. मास्तरांनी चष्मा चढवला आणि ते आपल्या हातांकडे बघत बसले. तिचं हसू तिच्या तोंडावर तसंच राहून गेलं. खालच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चौकोनात तिला ते दिसलं, आणि ते आवरायचं कसं हेच तिला कळेना. मग मुख्य बोलला. साऱ्या कर्नलवर शेवटचा शब्द त्याचा, म्हणून त्याला सगळे नुसतंच मुख्य म्हणत. ‘म्हणजे प्रश्न मिटला,’ तो म्हणाला. ‘चूक रॅपरमध्ये आहे. उद्या दुपारपर्यंत दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर रॅपर काढून टाकू. पुढचा विषय.’ पुढचा विषय यंत्रातल्या पंख्यांच्या वेगाचा होता. तीही इतरांसारखी मान डोलवत तो ऐकत राहिली, आणि त्यातलं एक अक्षर तिच्या डोक्यात शिरलं नाही.

प्रकरण म्हटलं तर एवढंसं होतं. कुठल्याशा गोदामातले वजनकाटे अडकून पडत होते. काटा केबलनं कॉम्प्युटरला जोडलेला. कॉम्प्युटर झोपेतून जागा होत असताना नेमकी कोणी ती केबल उपसली, की काटा सोडाच, कॉम्प्युटरच गार पडायचा. कोणी मेलं नव्हतं, कोणाचं बोटसुद्धा कापलं नव्हतं. काही पोत्यांचं वजन दोनदा करावं लागलं, इतकंच. पण कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला तो भाग, जो कधी चुकतच नाही असं धरून बाकीचं सगळं चाललेलं असतं. तिथे एवढंसं असं काही नसतंच. कॉम्प्युटरला काय काय जोडलंय याची यादी सांभाळणारा कोड मास्तरांचा होता, सी भाषेतला, तिच्या शाळेच्या दिवसांतला. यादीत प्रत्येक वस्तूची एक नोंद. वस्तू उपसली की नोंद पुसायची आणि ती जागा दुसऱ्या कोणाला देऊन टाकायची. आणि कोणी नोंद वाचत असताना ती मधेच पुसली जाऊ नये म्हणून यादीला एक लॉक. लॉक लावून वाचा, वाचून झालं की सोडा. सी भाषा तुम्हाला याबद्दल काही विचारत नाही. लॉक लावलंत, छान. नाही लावलंत, तुमचं नशीब. या जुन्या कोडावर तिनं रस्ट भाषेत रॅपर चढवला होता. म्हणजे नव्या माणसानं मास्तरांचं काहीही न वाचता यादी वापरावी आणि तरी त्याच्या हातून चूक होऊच नये, अशी सोय. रस्टचा कंपायलर शाळेतल्या खडूस बाईंसारखा असतो, वही पुरी तपासल्याशिवाय घरी सोडत नाही. पण जिथे रस्टचा हात सीला लागतो, तिथलं पलीकडचं त्यालाही दिसत नाही. तिथे आपण ‘अनसेफ’ असा शब्द लिहायचा. मग कंपायलर बाजूला होतो आणि म्हणतो, इथे मी तुझ्यावर विश्वास टाकतो. आणि रिवाज असा, की अशा प्रत्येक ठिकाणी वर एक टीप लिहायची: हे का बरोबर आहे, कशाच्या भरवशावर. ती टीप कंपायलर वाचत नाही. ती माणसांसाठी असते.

तिची टीप अशी होती: ‘ही नोंद वाचली जात असताना यादीला कायम लॉक लावलेलं असतं, त्यामुळे ती मधेच पुसली जाणार नाही.’ हे ‘कायम’ तिला सांगितलं होतं मास्तरांनी. आणि मागच्या थंडीत, यंत्रं झोपेतून लवकर उठावीत म्हणून, उठण्याच्या वाटेवरचं ते लॉक काढून टाकलं होतं तेही मास्तरांनीच. त्यात लपवाछपवी काही नव्हती. यंत्रं खरोखरच झटकन उठू लागली होती, आणि सगळ्यांनी मास्तरांची पाठ थोपटली होती. तिनंही थोपटली होती, तो बदल उघडून न बघता. मास्तरांच्या घरात आपण कशाला वाकून बघायचं, असं म्हणून. आता प्रश्न उरला होता तो एकच, शब्द दिला होता की नव्हता. दिला असेल तर मास्तरांनी तो मोडला. नसेल, तर मास्तरांनी आपल्या घरातलं एक नको असलेलं कपाट हलवलं, आणि शेजारीण त्या कपाटाला टेकून उभी होती याला ते काय करणार? ज्याचं अनसेफ, त्याची चूक. हा नियम नव्या येणाऱ्यांना ती स्वतःच मोठ्या तोऱ्यात सांगत असे. बैठकीत तिनं तोंड उघडलं होतं, नाही असं नाही. ‘मास्तर, तुमच्या घरी, स्वयंपाकघरात आपण,’ इतकं बोलून ती थांबली होती. त्या चौकोनांपुढे ते ‘स्वयंपाकघरात’ असं काही ऐकू आलं, की पोरानं ‘पण तू म्हणाली होतीस ना’ म्हणून आईचा पदर ओढावा. टॉवेलवाल्यानं तेवढ्यात कानातलं यंत्र सारखं केलं.

बैठक संपल्यावर ऑफिसातल्या लोकांना अचानक खूप कामं निघाली. शेजारच्या टेबलावरची बाई पडद्याला नाक लावून बसली, पलीकडचा उठून पाणी भरायला गेला आणि तिकडेच रेंगाळला. कोणी वाईट वागत होतं असं नाही. त्यांना तिच्याकडे बघायचं नव्हतं, एवढंच, आणि तिलाही ते बरंच वाटलं. तिनं पर्स उचलली आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरू लागली. जिन्यात रंगाचा वास होता. कठड्याला हात लावू नका असा कागद चिकटवलेला होता, आणि तिनं हात लावला. हात कोरडा निघाला. रंग केव्हाच वाळला होता, कागद मात्र कोणी काढला नव्हता. तिला एकदम इतका राग आला की तो कागद फाडून तिनं चुरगाळला आणि पर्समध्ये कोंबला. राग कागदाचा नव्हता, हे तिला कळत होतं. आपल्याला फसवलं, आणि फसवलं ते अशा माणसानं की ज्याच्या नावानं आपण दुसऱ्यांची खात्री पटवत आलो, हे तिच्या छातीत आता कुठे उतरत होतं.

मास्तर कोणत्याही शाळेत मास्तर नव्हते. दुसऱ्यांच्या कोडवर ते अशा बारीक चुका काढत की नाव पडलं ते पडलंच. आणि तिला ‘धाकटी’ म्हणायला सुरुवात केली ती त्यांनी. तिचा पहिला पॅच, म्हणजे कोडात सुचवलेला बदल, आला तेव्हा जुन्या मंडळींनी तिला सोलून काढलं होतं. सी लिहिता येत नाही म्हणून या नव्या भाषेची नाटकं, आधी दहा वर्षं भांडी घासा आणि मग स्वयंपाकाला या, असं बरंच काही. ती कोणाला ओळखत नव्हती. बाबांच्या जुन्या टेबलावर बसून ती ते वाचायची आणि तिचे कान तापायचे. तेवढ्यात मास्तरांची एक ओळ आली. ‘ही पोरगी बरोबर आहे. मीच चुकलो होतो. धाकटीला आत येऊ द्या.’ त्या ओळीनंतर सगळे गप्प झाले. ती ओळ तिनं इतक्यांदा वाचली होती की तिची पाठ करायची गरजच उरली नाही. नंतर भेटी झाल्या, जाणंयेणं झालं. मास्तरांचं घर ऑफिसपासून एका बसच्या अंतरावर, तळमजल्यावर, दाराशी सायकलींची गर्दी. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती बघायला गेली होती. काकू स्वयंपाकघरातच खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर, आणि मास्तर कप विसळत होते. ते कप विसळायचे तेही कोड तपासल्यासारखे, एकेक उजेडात धरून. तेव्हा तिनं विचारलं होतं, ‘मास्तर, नोंद वाचताना लॉक असतंच ना? प्रत्येक वाटेवर?’ मास्तरांनी वळूनही बघितलं नाही. ‘असतंच. असणारच. माझा कोड आहे तो.’ ‘आणि पुढेही राहील?’ ‘राहील की. काढायचं झालं तर आधी तुला सांगेन. झालं?’ ती म्हणाली होती, ‘मग माझ्या टिपेखाली तुमची सही टाका ना, वाचलं, मान्य, म्हणून.’ तेव्हा मात्र ते वळले होते, ओल्या हातांनी. ‘सही कशाला गं? मी काय पळून चाललोय? माझा शब्द आहे ना.’ काकू हसल्या होत्या. तीही हसली होती, आणि सही मागितल्याची तिला लाज वाटली होती. मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घरी येऊन तिनं टीप लिहिली, आणि ‘कायम’ हा शब्द लिहिताना तिला कोणाच्या तरी मोठ्या घरात आपल्याला खोली मिळाल्यासारखं वाटलं होतं.

बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण घरी न जाता मास्तरांकडे निघालोय. बस निम्मी रिकामी होती. पुढच्या बाकावर एक बाई मुलाला सांगत होती, डॉक्टर सुई टोचणार नाहीत, नुसतं बघणार आहेत. मुलगा विचारत होता, नक्की? बाई म्हणाली, नक्की. बाईच्या मांडीवर औषधांच्या दुकानातली पिशवी होती आणि तिच्यातून सिरिंजच्या पाकिटाचं टोक दिसत होतं. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला वाटत होतं, मास्तर दार उघडतील आणि म्हणतील, अगं मी विसरलोच होतो. वय झालं. एवढं म्हटलं तरी पुरे होतं. विसरलेल्या माणसावर रागवता येत नाही. त्याला आठवण करून देता येते, मग तो कपाळावर हात मारतो, आणि सगळं परत जिथल्या तिथे जातं. तिनं वाटेत त्यांच्यासाठी सबबी शोधल्या, एकीला एक जोडली. आवाज नीट आला नसेल. प्रश्नच कळला नसेल. इतक्या मंडळींपुढे गडबडले असतील. अनसेफच्या वर टीप लिहितात तशीच ती लिहीत होती, हे बरोबर आहे कारण, हे बरोबर आहे कारण, आणि प्रत्येक कारण पुन्हा त्यांच्याच शब्दावर उभं होतं.

दार काकूंनी उघडलं. ‘अगंबाई, तू! ये ये. हे आहेत आतच.’ काकू आता बऱ्या चालत होत्या, फक्त उंबरा ओलांडताना भिंतीला हात लावत होत्या. मास्तर स्वयंपाकघरात टेबलाशी विजेची किटली उघडून बसले होते. तिच्या बुडाचे स्क्रू एका बशीत ठेवलेले. ते तिच्याकडे बघून ‘ये’ म्हणाले आणि पुन्हा किटलीकडे वळले. काकूंनी तिच्यापुढे पाणी ठेवलं, आणि बसता बसता त्या बोलून गेल्या. ‘काय गं, चेहरा का उतरलाय? यांच्याशी बोलत होतीस ना मघाशी त्या कॉम्प्युटरवर? माझ्या कानावर आलं काहीतरी लॉकबिक. मी म्हटलं, हे तेच का, माझा पाय स्टुलावर होता तेव्हाचं? शब्द दिला होता ना यांनी तुला? मी यांना म्हटलंसुद्धा, अहो, मला आठवतंय ते.’ स्क्रू-ड्रायव्हर किटलीवरून सटकला. मास्तरांनी तो पुन्हा खाचेत बसवला. ‘तुला काय कळतंय त्यातलं,’ ते काकूंना म्हणाले. ‘त्यातलं नसेल कळत,’ काकू म्हणाल्या, ‘शब्द दिल्याचं कळतं.’ मग दोघांच्या तोंडांकडे बघून त्यांना काहीतरी उमगलं असावं. त्या भिंतीला धरून उठल्या आणि कपडे काढायचेत म्हणत मागच्या दारानं बाहेर गेल्या. मागे दोरीवर कपडे नव्हते, ते खिडकीतून दिसत होतं.

म्हणजे विसरले नव्हते. तिनं वाटभर जोडलेल्या सगळ्या सबबी त्या एका क्षणात गळून पडल्या. ‘मास्तर,’ ती म्हणाली. मास्तरांनी एक स्क्रू बशीतून उचलला, उजेडात धरला. ‘हे बघ धाकटे. माझ्या मागे माझी माणसं आहेत. त्यांना मी सांगितलंय की ही रस्टवाली मंडळी आली म्हणून तुमचे हात कोणी बांधणार नाही. तेवढ्या अटीवर त्यांनी तुम्हाला आत घेतलं. आता मी सगळ्यांपुढे म्हटलं, होय, मी शब्द दिला होता, तर उद्यापासून माझ्या कोडातला खिळा हलवायचा तरी तुला विचारावं लागेल. मग परवा दुसरा कोणी येईल, मला शब्द दे म्हणून. ते लोक उठून जातील. आणि तुझा रॅपर एकटाच काय, सगळंच बाहेर जाईल. मी तुझ्यासाठीच,’ इथे ते थांबले. तुझ्यासाठीच म्हणणं त्यांनाही जड गेलं असावं. ‘तुम्ही लॉक काढलंत तेव्हा मला सांगितलं का नाहीत?’ तिनं विचारलं. ‘सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.’ त्यांनी हे अगदी खरेपणानं सांगितलं, आणि तेच तिला जास्त लागलं. ‘आणि आजचं? मला खोटं पाडलंत ते?’ ‘खोटं कुठे पाडलं? ठरलं नव्हतं म्हटलं. ठरणं म्हणजे सगळ्यांसमोर ठरतं. आपण दोघं बोललो होतो. तू सही घ्यायला हवी होतीस.’ ‘मी मागितली होती, मास्तर.’ किटलीचं बूड त्यांनी बसवलं, ते नीट बसलं नाही, पुन्हा काढलं. ‘मग अजून आग्रह धरायचा,’ ते हळूच म्हणाले. तिनं पाणी प्यायलं. पेला उलटा करून सिंकमध्ये ठेवला, विसळून, कारण या घरात तसं करायची तिला सवय होती. दारापर्यंत पोचवायला मास्तर आले नाहीत.

घरी बाबा टीव्हीसमोर बसले होते, आवाज बंद करून. त्यांना मॅच बघायला आवडे पण बोलणारे आवडत नसत. ‘लवकर आलीस,’ ते म्हणाले. ‘हं.’ ‘बिस्किटं संपली.’ ‘हं.’ बाबा जन्मभर वायरमन होते. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नसत. रिमोट ते डाव्या हातानं धरत आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं दाबत. लहानपणी ती त्या बोटांशी खेळायची, मिटून बघायची, ती पुन्हा उघडायची. कसं झालं विचारलं की बाबा म्हणत, माझाच वेंधळेपणा, दुसरं काय. सगळ्यांना तेच सांगत. खरं काय ते आईनं सांगितलं होतं, बाबांच्या माघारी, आवाज खाली आणून. बाबा शिडीवर होते आणि काका खाली मेन स्विचपाशी. बाबांनी वरून विचारलं, बंद आहे? काका म्हणाला, बंद आहे. बंद नव्हतं. एरवी बाबा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालत, मगच शिडी चढत, हा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी भाऊ खाली आहे म्हणून नाही घातला. काका मात्र पुढे गावभर सांगत फिरला की दादाला मी थांब म्हणत होतो, त्यानं ऐकलंच नाही. आणि बाबा कधी एका शब्दानं काही बोलले नाहीत. काका येत राहिला, जेवत राहिला, तिच्यासाठी पेन्सिली आणत राहिला. आईनं हे सांगितल्यावर तिला काकाचा राग यायला हवा होता. आला होता बाबांचा.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘काका बंद आहे म्हणाला होता ना तुम्हाला?’ बाबांनी मान वळवली नाही. खेळाडू पाणी पीत होते, तेही ते लक्ष देऊन बघत होते. ‘आईनं सांगितलं वाटतं.’ ‘केव्हाच.’ ‘म्हणाला होता.’ ‘मग तुम्ही तुमची चूक म्हणून का सांगत राहिलात सगळ्यांना?’ ‘मग काय सांगणार? शिडी धरायला दुसरं होतं कोण?’ मैदानावर पुन्हा धावाधाव सुरू झाली. ‘धरू दिली की मी त्याला शिडी नंतरही,’ बाबा म्हणाले. ‘शेवटपर्यंत धरू दिली. फ्यूज मात्र पुन्हा कधी बाहेर ठेवला नाही. तो विचारायचा, दादा, माझ्यावर विश्वास नाही का? मी म्हणायचो, आहे रे, सवय आहे आपली.’ मग ते रागावल्यासारखे तिच्याकडे वळले. ‘आज हे काय काढलंस मधेच? कोणी काही बोललं का तुला?’ ‘नाही.’ ‘बोललं असेल तर सांग.’ ‘सांगण्यासारखं काही ठरलेलं नव्हतं, बाबा,’ ती म्हणाली, आणि एकाएकी तिला रडू आलं. बाबा गडबडले. त्यांनी रिमोट दाबला, बोलणाऱ्यांचा आवाज खोलीभर झाला, आणि ते तसाच ठेवून बसले. ती रडत असताना कोणाला ऐकू जाऊ नये, एवढंच त्यांना सुचलं असावं.

सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचून तिनं फाइल उघडली. दुरुस्ती काय करायची हे तिला कालच, मुख्य बोलत असतानाच कळलं होतं. करवत नव्हतं, एवढंच. सरळ उपाय म्हणजे रॅपरनं स्वतःच लॉक लावायचं. पण उठण्याची ती एक वाट सोडली तर बाकी सगळीकडे लॉक आधीच लावलेलं असे, आणि लावलेलं लॉक त्याच हातानं पुन्हा लावायला गेलं तर यंत्र स्वतःचीच वाट बघत जन्मभर बसून राहतं. मास्तरांना लॉक परत लावायला सांगावं, तर ते कशासाठी लावतील? ठरलंच नव्हतं. उरला तो एकच मार्ग. नोंद वाचून देणारा जो कोडाचा तुकडा, म्हणजे फंक्शन, त्याच्या नावाआधी, अगदी दारावर, ‘अनसेफ’ लिहायचं. आतापर्यंत तो शब्द आतल्या खोलीत होता, तिच्या नावावर, तिच्या टिपेखाली; बाहेरून येणाऱ्याला तो दिसतही नसे. आता तो दर्शनी येणार. म्हणजे जो कोणी हे वापरेल त्यानं स्वतः खात्री करायची, स्वतःची टीप लिहायची, आपलं आपण बघायचं. ज्यासाठी हा रॅपर लिहिला, नव्या माणसाला कशाची भीती राहू नये म्हणून, नेमकं तेच त्यातून जाणार होतं. रॅपर बचावत होता, पण तो रॅपर उरत नव्हता. मुख्याला चालणार होतं. मास्तरांना तर फारच चालणार होतं.

एक क्षण तिला वाटलं, स्वयंपाकघरातलं सगळं लिहावं. किटली, स्टूल, ओले हात, काकूंचं हसणं. सगळ्या चौकोनांना कळू दे. मग तिला काकू दिसल्या, दोरीवर कपडे नसताना मागच्या दाराशी उभ्या राहिलेल्या. साक्ष द्यायला त्यांना बोलवावं लागलं असतं, आणि त्या आल्याही असत्या, भिंतीला धरत. तिनं तसलं काही लिहिलं नाही. आधीची टीप निवडून पुसली. ‘कायम’ हा शब्द इतरांबरोबर गेला, त्याला वेगळा आवाज झाला नाही. फंक्शनच्या नावाआधी तिनं तो एक शब्द टाइप केला. त्यामुळे हे फंक्शन वापरणाऱ्या कोडातल्या सगळ्या जागा एकेक करून लाल झाल्या, कंपायलरनं त्यांची यादीच तिच्यापुढे धरली. ती त्या दुपारपर्यंत एकेक निस्तरत राहिली. मग वर सक्तीची टीप राहिली, वापरणाऱ्यानं कशाची खात्री करायची ती. इथे ती जरा थांबली. मग तिनं लिहिलं: ‘यादीला लॉक लावलेलं आहे याची खात्री वापरणाऱ्यानं दर वेळी स्वतः करावी. ते लावलेलं असेल असं कधी ठरलेलं नाही.’

वाचून बघितलं. व्याकरण बरोबर होतं, अर्थ बरोबर होता, आणि यात खोटं असं एक अक्षर कोणाला दाखवता आलं नसतं. तिनं पॅच पाठवून दिला. शेजारच्या टेबलावरची बाई आज तिच्याकडे बघून हसली, ‘झालं का?’ म्हणाली. ‘झालं,’ ती म्हणाली. जेवायला जायचं म्हणून तिनं पर्स उचलली. आत कालचा चुरगाळलेला कागद हाताला लागला, तो तिनं टोपलीत टाकला. उठता उठता पडद्यावर उत्तर आलेलं दिसलं. मास्तर इतक्या लवकर कधी कोणाचा पॅच वाचत नसत. त्यांनी तो पूर्ण वाचला होता, एका ठिकाणी सुटलेला स्वल्पविरामही दाखवला होता. तिनं लिहिलेल्या त्या शेवटच्या वाक्याबद्दल काही म्हटलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, ‘नेटकं काम, धाकटे.’ आणि त्याखाली, रिवाजाप्रमाणे, वाचलं, मान्य, आणि त्यांचं पूर्ण नाव. इतक्या वर्षांत तिच्या फाइलवर मास्तरांची ती पहिली सही होती.